जबाबदार व्यक्तीचा रकाना

गाडी उशिरा का आली, याचे कारण लिहिण्याची सरकारी नोकरी असते. वासुदेवराव सप्रे यांनी ती वाराणसीत चौतीस वर्षे केली. रोज सकाळी उशिरा धावलेल्या गाड्यांची यादी त्यांच्या टेबलावर येई आणि संध्याकाळपर्यंत प्रत्येक गाडीपुढे एक कारण लिहून ती वरच्या साहेबाकडे जाई. धुके. गुरे. सिग्नल. साखळी ओढली. चौतीस वर्षांत हजारो गाड्या रखडल्या, पण वासुदेवरावांच्या कागदावर कारण म्हणून कधी माणसाचे नाव आले नाही. एकदा त्यांनी जून महिन्यात धुके लिहिले होते. वरून कोणी काही विचारले नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी 'सप्रेजींची संयमी लेखणी' असा उल्लेख केला, आणि तो वासुदेवरावांनी घरी येऊन पत्नीला, इंदूताईंना, दोनदा सांगितला.

अशा माणसाच्या मोबाइलवर वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, ऑगस्टअखेरच्या एका मंगळवारी, सकाळी दहा चाळीसला, जर्मनीतल्या मुलीकडून एकोणीस पानी कागद आला. तिसऱ्या पानावर एक रकाना होता. जबाबदार व्यक्ती: पूर्ण नाव, टपालाचा पत्ता, ईमेल.

वासुदेवरावांनी चष्मा काढला, धोतराला पुसला, पुन्हा लावला. रकाना तिथेच होता.

प्रकरण साधे होते. प्रकरणे सुरुवातीला साधीच असतात. लाइपझिगला राहणाऱ्या देवश्रीला मुलगी झाली, तिचे नाव इरावती ठेवले, आणि आजीने, म्हणजे इंदूताईंनी, वाराणसीच्या रामघाटावरून नातीसाठी कुंची शिवून पाठवली. पांढऱ्या मलमलीची, दुहेरी, डोक्यावरून पाठीपर्यंत उतरणारी, कडेला बनारसी जरीचा चार बोटे काठ, हनुवटीखाली बांधायला दोन बंद. ती घालून इरा बाबागाडीतून बाजारात गेली आणि लहान मुलांच्या कपड्यांचे दुकान असलेल्या एका बाईने गाडी अडवली. डिसेंबरच्या जत्रेत मांडायला तिला अशा चाळीस कुंच्या हव्या होत्या. मात्र कागदपत्र तिच्याकडे नको. माल देवश्रीच्या नावाने येईल, लेबलावर शिवणारी म्हणून इंदूताईंचे नाव आणि युरोपातली जबाबदार व्यक्ती म्हणून देवश्रीचे.

वासुदेवरावांनी ताबडतोब फोन लावला.

"म्हणजे काही झालं तर पोलीस तुझ्याकडे येणार?"

"बाबा, पोलीस काय! कुंची आहे ती."

"पण येऊ शकतात."

"कागद पक्के असले तर कशाला येतील? लॅबचं सर्टिफिकेट, लेबल, बस. टेन्शन नका घेऊ यार."

"आणि तुझा तो तिथे कायम राहण्याचा अर्ज?"

"तो चालू आहे. त्याचा इससे क्या लेना-देना?"

लेना-देना होते. पोरीची फाइल कुठल्यातरी जर्मन कारकुनाच्या टेबलावर पडली होती, आणि टेबलावर पडलेल्या फाइलचे कारकून काय करतात हे वासुदेवरावांइतके कोणाला ठाऊक असणार? एक वेडावाकडा कागद कुठूनतरी येतो, त्याच नावाचा असतो, कारकून तो फाइलला लावतो. एवढे पुरते.

तुमचे नाव आहे का त्यात, एवढेच इंदूताईंनी विचारले. नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "मग घाबरता कशाला?" आणि मशीनमध्ये दोरा ओवू लागल्या. चाळीस कुंच्या! शेजारच्या बारशांपलीकडे त्यांचे शिवण प्रथमच जाणार होते. त्या दिवसापासून त्या मशीनवर गुणगुणत असत. हे नोंदवणे आवश्यक आहे, कारण पुढे ते थांबले.

वासुदेवरावांनी नियमांची एकोणीस पाने चार दिवसांत वाचली. सातव्या पानावर ते थांबले ते उठलेच नाहीत. सात वर्षांखालच्या मुलांच्या कपड्याला डोक्याजवळ किंवा गळ्याजवळ नाडी, दोरी किंवा बंद असता कामा नये. पुढे कारण दिले होते, आणि धुके वगैरे न लिहिता स्पष्ट दिले होते. झोपाळ्यात, घसरगुंडीत, दारात अडकून गळफास.

त्यांनी खोलीभर नजर फिरवली. पडद्याची दोरी. पिशवीचा बंद. मोबाइलची वायर. स्वतःच्या जानव्याकडे त्यांनी आयुष्यात प्रथमच तांत्रिक दृष्टीने पाहिले. मग त्यांना इरा आठवली, चार महिन्यांची, हनुवटीखाली सुरगाठ. ही भीती कायद्याची नव्हती.

इंदूताई देवळात गेल्याचे पाहून त्यांनी पुन्हा फोन लावला.

"देवू, इराच्या कुंचीचे बंद..."

 देवश्री हळू आवाजात म्हणाली, "ते मी पहिल्याच आठवड्यात कापले, बाबा. इथली नर्स ओरडली. आईला नका सांगू. तिने किती बारीक टीप घातली होती त्यांना."

वासुदेवरावांच्या जिवात जीव आला, पण त्यासोबत एक गुपितही आले. गुपिते सांभाळण्याची त्यांची प्रकृती नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी कारण नसताना इंदूताईंच्या शिवणाची तीन वेळा स्तुती केली, आणि इंदूताईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिले.

बंदांचा प्रश्न मात्र सोडवायला हवा होता, आणि रामघाटावर प्रश्न एकट्याने सोडवत नाहीत. कागदाच्या आठव्या पानावर एक सूट होती. टोप्यांना हा नियम लागू नाही. मग कुंची ही टोपी, की अंगावरचा कपडा?

शेजारचे ढुंढिराजशास्त्री ओट्यावर बसले होते. वेदपाठशाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांना वादाला माणूस मिळत नसे. ते सरसावून बसले.

"डोक्यावर घालतात ना? मग ते शिरोवस्त्र. विषय संपला. वासुदेवा, लिही टोपी."

आतून त्यांच्या पत्नी, शरदिनीकाकू, म्हणाल्या, "आणि पाठीवर लोळतं ते काय शेपूट?"

"पाठीवरचा भाग गौण. मुख्य प्रयोजन शिराचं."

"थंडीत पाठ उघडी ठेवून बघा, मग कळेल प्रयोजन."

वाद दोन दिवस चालला. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतले दोघे ऐकायला आले आणि एकेक बाजू घेऊन बसले. पगडी, उपरणे, बुरखा, घोड्याची झूल असे दाखले निघाले. वासुदेवराव मध्ये बसून दोन्ही बाजूंना मान हलवत होते. त्यांना शास्त्रार्थ नको होता. नंतर दाखवता येईल असा कोणाच्यातरी सहीचा कागद हवा होता. तो कोणीच देईना. शास्त्री म्हणाले, "आम्ही निर्णय देतो, सही देत नाही." हे धोरण वासुदेवरावांना चांगले परिचित होते.

निकाल शेवटी बाबतपूरच्या रस्त्यावर लागला. तिथे कपडे तपासण्याची एक प्रयोगशाळा होती आणि नमुने घेणाऱ्या खिडकीमागे ऋतुराज सिंह नावाचा तरुण अधिकारी. त्याने खालून एक प्लास्टिकचे बाहुले काढले, त्याला कुंची घातली आणि बाहुल्याची पाठ वासुदेवरावांकडे फिरवली. कुंची खांद्याखाली वीतभर लोंबत होती.

"अंकलजी, कंधे से नीचे गया तो गारमेंट. डोरी हटाइए."

दोन दिवसांचा शास्त्रार्थ अर्ध्या मिनिटात संपला. ढुंढिराजशास्त्र्यांना हे कळल्यावर ते म्हणाले, "बाहुल्याचा पुरावा ग्राह्य नाही," आणि दोन दिवस सप्रे मंडळींशी बोलले नाहीत.

इंदूताईंनी बंद काढले, मानेमागे आतल्या बाजूने बारीक इलॅस्टिक घातले आणि कुंची स्वतःच्या मुठीवर चढवून हलवून पाहिली. राहिली. "सुचलं असतं तर आधीच केलं असतं," एवढेच त्या म्हणाल्या.

नंतर कापडाची पाळी. लेबलावर सूत किती टक्के, रेशीम किती टक्के, ते लिहायचे होते, आणि लिहिलेले खरे असायला हवे होते. इंदूताई म्हणाल्या, "सुती आहे." किती टक्के? "आख्खी सुती. अर्धी सुती मी बाळाला घालीन का?" काठाचा प्रश्न नाजूक होता. काठ दिला होता चौकातल्या विश्वेश्वरने. तो वासुदेवरावांना चाचाजी म्हणे आणि प्रत्येक वस्तूला शुद्ध म्हणे.

"चाचाजी, प्योर सिल्क. हमारे बाप ने प्योर बेचा, हम प्योर बेचते हैं."

"लिहून द्याल?"

विश्वेश्वरने पान गालात फिरवले. "लिखने की क्या बात है? आप तो घर के आदमी हैं."

लेखी देणारा माणूस काशीत मिळत नाही, असा निष्कर्ष वासुदेवरावांनी काढला. अबोला संपलेल्या ढुंढिराजशास्त्र्यांनी उपाय सांगितला. धागा जाळा, केस जळल्याचा वास आला तर रेशीम, प्लास्टिकचा आला तर फसवणूक. धागा जाळायचा ठरला होता, पण शास्त्र्यांनी तो कुंचीपासून वेगळा न काढता निरांजनावर धरला. केस जळल्याचा वास आला. मग मलमल जळल्याचा आला. शरदिनीकाकूंनी तांब्याभर पाणी ओतले ते कुंचीवर, निरांजनावर आणि शास्त्र्यांच्या मांडीवर. "रेशीम आहे!" शास्त्री भिजलेल्या अवस्थेत म्हणाले. कुंच्या एकोणचाळीस उरल्या. इंदूताईंनी चाळिसावी पुन्हा शिवायला घेतली आणि नवऱ्याला सांगितले की यापुढे विद्वानांना घरातले कापड दाखवायचे नाही.

लेबलाचे काय झाले ते थोडक्यात सांगतो. कापडाचा तपशील जर्मनमध्ये, धुण्याच्या खुणा, खेपेचा क्रमांक, इंदूताईंचे नाव, रामघाटाचा घरक्रमांक, गल्ली, वाराणसी, ईमेल, त्याखाली देवश्रीचे नाव आणि लाइपझिगचा पत्ता. छापून आले तेव्हा लेबल कुंचीपेक्षा दोन बोटे लांब होते. दुसऱ्यांदा अक्षर बारीक केले आणि घडी घालून मानेमागे शिवले. वासुदेवराव भिंगातून देवश्रीचे नाव वाचत बसत. एवढ्या बारीक अक्षरातही ते त्यांना स्पष्ट दिसे.

प्रयोगशाळेने नमुना देण्याची तारीख दिली ती पितृपक्षात.

खरी चूक इथे झाली, म्हणून हा भाग सावकाश सांगितला पाहिजे. सप्रे घराण्यात कोरा कपडा कुंकवाचे बोट लावल्याशिवाय कोणी अंगावर घालत नाही आणि घराबाहेर पाठवत नाही. इंदूताईंनी प्रत्येक कुंचीच्या खालच्या कोपऱ्यात, आतल्या शिवणीत, तिळाएवढा ठिपका लावला होता. कुंकू त्यांचे घरचे होते. हळद, लिंबू आणि चुना, सासूने शिकवले तसे, किंचित तपकिरी रंगाचे. त्यांच्या मते विषय तिथे संपला होता.

पण त्या सकाळी पिशवी घेऊन निघालेल्या वासुदेवरावांना ढुंढिराजशास्त्र्यांनी ओट्यावरून हाक मारली.

"पक्षपंधरवड्यात कोरं कापड घेऊन कुठे, वासुदेवा?"

"तपासणीला."

"पितर भुकेले फिरतायत आणि तू नव्या कपड्याची तपासणी करतोस? तेही बाळाच्या?" शास्त्र्यांनी डोळे मिटले. "असो. आम्ही काही म्हटलं नाही."

वासुदेवराव पंचगंगा घाटाच्या बाजूने चालू लागले. 'आम्ही काही म्हटलं नाही' हे वाक्य त्यांच्याबरोबर चालू लागले. मणिकर्णिकेकडे चितेची लाकडे नेणारी एक नाव खालून गेली. रोज जाते. त्या दिवशी ती त्यांच्याकडे पाहून गेल्यासारखी वाटली. मंगला गौरीपाशी येईपर्यंत त्यांना लाइपझिगच्या घराची घंटा वाजताना ऐकू आली, दारात दोन उंच माणसे दिसली, आणि मागे इराला कडेवर घेतलेली देवश्री. त्यांनी देवळाबाहेरच्या दुकानातून कुंकवाची पुडी घेतली. लालभडक कुंकू होते, बोट लावताच अंगठीपर्यंत रंगले. देवीला वाहिले, आणि मग आजूबाजूला पाहून त्यांनी पिशवीतला नमुना काढला. लेबलाची घडी उचलली. लेबलामागे, बरोबर देवश्रीच्या नावाच्या पाठीशी, त्यांनी एक बोट लावले. मग, भीती एका बोटात मावत नव्हती म्हणून, आणखी दोन.

घडी मिटली. बाहेरून काहीच दिसत नव्हते. त्यांना दोन आठवड्यांत प्रथमच बरे वाटले.

अहवाल सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी आला. चार पाने. पहिल्या पानावर तांबड्या शिक्क्यात नापास. कापड पास, काठ पास, इलॅस्टिक पास. लाल ठिपक्यात युरोपात बंदी असलेले रंगद्रव्य. मर्यादा तीस, निघाले तीनशे चाळीस. खाली एक ओळ होती, अशा रंगामुळे दीर्घ संपर्कात कर्करोगाचा धोका. चौथ्या पानावर ठिपक्याचे छायाचित्र होते आणि त्याखाली 'स्थान: लेबलामागे'.

वासुदेवरावांनी चारही पाने वाचली, आणि मग त्यांच्या हाताने, त्यांना न विचारता, चौथे पान घडी करून सदऱ्याच्या खिशात घातले. चौतीस वर्षांची सवय होती. इंदूताईंना त्यांनी तीन पाने दिली.

इंदूताईंना इंग्रजी वाचायला वेळ लागे. त्यांनी बोट फिरवत वाचले. 'लाल ठिपका' या शब्दांवर बोट थांबले.

"माझं कुंकू?" त्या म्हणाल्या.

वासुदेवराव म्हणाले, "हवामानाचाही परिणाम असू शकतो."

इंदूताईंनी ऐकले नाही. त्या देवघरात गेल्या आणि करंडा हातात घेऊन उभ्या राहिल्या. "तीस वर्षं हेच लावते. देवूच्या कपाळाला लावलं. इराच्या कुंचीला लावलं." मग त्यांनी मशीनवर कापड घातले, चारही बाजूंनी खोचले, आणि गुणगुणणे थांबले.

शेजार मदतीला धावला. ढुंढिराजशास्त्री म्हणाले, "पितृपक्ष. आम्ही सांगितलं होतं." विश्वेश्वर म्हणाला, "चाचाजी, पानी का दोष है, माल तो प्योर है." शरदिनीकाकूंच्या मते दृष्ट लागली होती. एकाने घाटावरच्या धुराचे नाव घेतले. वासुदेवरावांना कारणांची गल्लीभर रांग लागलेली दिसत होती. एकाही कारणाला नाव नव्हते, सगळी तयार, कुठलेही उचलावे आणि लिहावे. प्रयोगशाळेने एक फॉर्मही पाठवला होता, नमुना दुसऱ्यांदा द्यायचा असेल तर भरून देण्यासाठी. रकाना पहिला, कारण. रकाना दुसरा, जबाबदार व्यक्ती. रकाना तिसरा, पुन्हा असे होऊ नये म्हणून केलेला उपाय. त्यांनी पहिल्या रकान्यात पेन्सिलीने 'वातावरणातील घटक' लिहून पाहिले. अक्षर सुंदर आले.

खिशातले पान मात्र बसता-उठता कुरकुरत होते. त्यांनी तो सदरा धुवायला टाकला नाही. सलग तीन दिवस तोच सदरा घातलेला पाहून इंदूताई एरवी बोलल्या असत्या. त्या बोलल्या नाहीत, याचे त्यांना जास्त भय वाटले.

नवरात्राच्या दुसऱ्या दिवशी, मंगळवारी दुपारी, इंदूताईंनी स्वतः देवश्रीला फोन लावला. वासुदेवराव पलीकडच्या खोलीत होते. दार उघडे होते.

"कुंची काढ तिच्या अंगावरची. आजच. टाकून दे," इंदूताई म्हणाल्या. "माझ्या हातचं कुंकू विषारी निघालंय."

पलीकडून देवश्री काय म्हणाली ते ऐकू आले नाही. मग आवाज वाढला.

"चार महिने, आई! ती कोपरा चोखते त्याचा! रोज!"

मग रडणे, एकीचे की दोघींचे ते कळेना. मग इंदूताई म्हणाल्या, "उद्या? सकाळी? किती रक्त काढतात एवढ्याशा जिवाचं?"

वासुदेवराव उभे राहिले. त्यांना त्या क्षणी ज्याची भीती वाटत होती त्याची यादी मोठी होती: जर्मन कारकून, दारातली दोन उंच माणसे, इंदूताईंचा चेहरा, गल्लीतले हसणे, स्वतःचे नाव. आणि एवढासा दंड, त्यात सुई. यादीत शेवटची गोष्ट सर्वांत जड निघाली. ते दारापर्यंत चालत गेले. आठ पावले होती.

"तिला सांग, सुई टोचू देऊ नको म्हणावं," ते म्हणाले. "तुझं कुंकू नाही ते. माझं आहे."

इंदूताईंनी फोन कानापासून काढला नाही. त्या नवऱ्याकडे वळल्या.

"मंगला गौरीपाशी घेतलं. पुडीतलं. नमुन्याला लावलं, लेबलाच्या मागे. तीन बोटं." त्यांनी तीन बोटे वर धरली. "देवूच्या नावाच्या मागे. मला भीती वाटली."

 फोनमधून देवश्रीचा "हॅलो? आई? बाबा काय म्हणतायत?" एवढाच आवाज येत होता.

"आज मंगळवार," इंदूताई म्हणाल्या. "अहवाल शनिवारी आला."

"हो."

"तीन पानं होती."

वासुदेवरावांनी खिशातून चौथे पान काढून दिले. घडीच्या जागी ते मऊ पडले होते. इंदूताईंनी छायाचित्र पाहिले. लालभडक, तीन बोटांचे. त्यांनी देवघरातून करंडा आणला, झाकण उघडले आणि तपकिरी कुंकू छायाचित्राशेजारी धरले. मग फोनमध्ये म्हणाल्या, "देवू, उद्या डॉक्टरकडे जाऊ नकोस. इराला काही झालेलं नाही. झालंय ते तुझ्या वडिलांना." आणि थोड्या वेळाने, "आणि बंद कापलेस ते चांगलं केलंस. व्हिडिओत पहिल्याच दिवशी दिसलं होतं मला. एवढी काही आंधळी नाही मी."

देवश्रीला खात्री हवी होती. दोघी मग प्रयोगशाळेशी बोलल्या. घरच्या कुंकवाचा कोपराही त्या तपासणीत होता, त्यात काही निघाले नव्हते, असे ऋतुराजने पान दोन पाहून सांगितले. ते पान दोन इंदूताईंच्या हातात चार दिवस होते. रडताना माणूस पहिल्या पानापुढे जात नाही.

त्यानंतर इंदूताई नवऱ्याशी दीड दिवस बोलल्या नाहीत. हे मुद्दाम मोजून लिहिले आहे, कारण वासुदेवराव मोजत होते.

गुरुवारी सकाळी त्यांनी फॉर्म आणि पेन वासुदेवरावांपुढे ठेवले आणि समोर बसल्या. वासुदेवरावांनी पेन्सिलीचे 'वातावरणातील घटक' खोडले. पहिल्या रकान्यात इंग्रजीत लिहिले: शिवणारीच्या पतीने, तिला न सांगता, नमुन्यावर बाजारचे कुंकू लावले. दुसऱ्या रकान्याशी पेन थांबले. खालून घाटावरचा घंटानाद येत होता, तो थांबेपर्यंत थांबले. मग त्यांनी आपले पूर्ण नाव लिहिले. अक्षर नेहमीसारखे सुंदर आले नाही.

"आता उपाय काय लिहू?"

"लिहा," इंदूताई म्हणाल्या. "या गृहस्थांना यापुढे शिवणाच्या खोलीत येऊ दिले जाणार नाही."

"अगं, हा कागद युरोपात जायचाय."

"मग स्पेलिंग नीट बघा."

बाबतपूरच्या खिडकीत ऋतुराज सिंहने फॉर्म वाचला, पुन्हा वाचला आणि खुर्चीतून उठून वासुदेवरावांकडे पाहिले.

"अंकलजी, आठ साल से ये फॉर्म ले रहा हूँ. सब लिखते हैं, ह्यूमिडिटी. नाम पहली बार आया है."

वासुदेवरावांना वाटले तो शिक्का मारताना हसेल. तो हसला नाही. त्याने फॉर्मची एक झेरॉक्स काढून स्वतःच्या खणात ठेवली.

दसऱ्यानंतर दुसरा अहवाल आला. पास. इंदूताईंनी चारही पाने स्वतः वाचली, मोजली, आणि मशीनवरचे कापड काढले.

दिवाळीच्या आधी खोके भरले. चाळीस कुंच्या, पांढऱ्या कागदात. इंदूताईंनी आधीच्या ठिपक्यांचे कोपरे उसवून नव्याने शिवले होते आणि या वेळी एकाही कुंचीला ठिपका लावला नव्हता. घरचे कुंकू तपासणीत निर्दोष ठरले होते, पण देवश्रीने सांगितले होते, आई, आता कागदात नाही ते कापडावर नको. इंदूताईंना पटले होते आणि चैन पडत नव्हते. खोके चिकटपट्टीने बंद झाले तरी त्या करंडा हातात घेऊन त्याच्याभोवती फिरत होत्या. कोरे घराबाहेर जाणार. खोक्यावरही नको, वासुदेवराव म्हणाले, खोक्यावर देवूचे नाव आहे.

खाली रिक्षावाल्याने हाक मारली. वासुदेवरावांनी खोके उचलले, दोन्ही हात गुंतले, आणि इंदूताईंना उत्तर सापडले. त्यांनी करंड्यात बोट बुडवले आणि नवऱ्याच्या कपाळावर ठिपका लावला, ठसठशीत.

"हे चालेल," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कुठे युरोपात पाठवायचंय?"

जिना उतरताना त्यांच्यामागे शिवणयंत्र सुरू झाले, आणि त्यावर गुणगुणणेही. ढुंढिराजशास्त्र्यांनी ओट्यावरून विचारले की कपाळाला काय लावलेस. वासुदेवराव थांबले नाहीत. रिक्षात बसल्यावर मात्र त्यांनी चालकाच्या आरशात वाकून रंग पाहिला.

तपकिरी होता. घरचाच.